नवी मुंबईत जुने कपडे रिसायकलिंगला देण्याची सोपी सोय कशी करता येईल?

सोसायटीच्या गेटवरच कापडासाठी वेगळा डबा. दोन जुन्या पॅन्ट द्यायला रिक्षा करून कोणी जात नाही. पूर्वी बोहारीण दारात यायची, साड्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं द्यायची (घासाघीस वेगळीच!). आता टॉवरच्या वॉचमनपुढे तिची डाळ शिजत नाही.

महापालिकेने बेलापूरला जुन्या कापडासाठी वेगळं केंद्र सुरू केलंय. सेक्रेटरींना वॉर्ड ऑफिसात घनकचरा विभागाकडे अर्ज द्यायला लावा. डब्यासोबत कपडे उचलण्याचा ठरलेला दिवसही मागा, नाहीतर डबा आठवड्याभरात उकिरडा होतो.

खरा शत्रू म्हणजे ओल. पावसाळ्यात एक दमट टॉवेल आत गेला की बुरशीने आख्खा लॉट वाया. म्हणून डबा झाकणाचा हवा, छपराखाली हवा, आणि कपडे धुऊन, खडखडीत वाळवून, पिशवीत बांधूनच टाकायचे. बटणं-चेन काढत बसू नका. पानिपतच्या रिसायकलिंग कारखान्यांत जुने स्वेटर रंगानुसार वेगळे करतात, बटणं-चेन तिथेच कापतात, मग लोकर पिंजून पुन्हा सूत काढतात आणि ब्लँकेट विणतात. रंग आधीच निवडल्यामुळे बरंचसं सूत पुन्हा रंगवावंही लागत नाही.

घालण्याजोगे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवा, ते गूंजसारख्या संस्थेला देता येतात. कॉटन-पॉलिएस्टर मिक्स कापडाचे धागे सुटे करणं अवघड, त्यामुळे त्यातलं बरंचसं पुसायच्या फडक्यांत जातं. स्वयंपाकघरातली तेलकट फडकी मात्र डब्यात नकोतच.