किक ड्रमला ट्रिगर लावणं ही चीटिंग आहे का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या मेटल बँडमध्ये ड्रम्स वाजवता, डबल पेडलवर पाय बरा चालतो, पण शोमध्ये किकची, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची, नुसती गुरगुर ऐकू येते. ट्रिगर (ठोका पडताच साठवलेला आवाज वाजवायला लावणारा सेन्सर) लावतो म्हटलं तर गिटारवाला म्हणाला, ‘ही चीटिंग आहे.’ आधी त्याला विचारा, त्याच्या स्वतःच्या पायाशी गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग कशाला मांडलीय.

मी ऑर्केस्ट्रातही वाजवतो आणि रॉक बँडमध्येही. गणपतीत बेंजो पार्टीत ऑक्टापॅड, म्हणजे काठी मारली की साठवलेला आवाज काढणारं पॅड, वाजतो, तेव्हा गिरणगावात कुणी चीटिंग म्हणत नाही, नाचतात. (रोलँडने ऑक्टापॅड काढला 1985 साली. आता कुठल्याही कंपनीचं पॅड असो, आपल्याकडे त्याला ऑक्टापॅडच म्हणतात, झेरॉक्ससारखं.) ड्रम किटवर तेच काम केलं की मात्र लोकांच्या कपाळाला आठ्या!

ट्रिगर म्हणजे ड्रमच्या रिमला (कडेला) अडकवलेला छोटा सेन्सर, आत पिझोची चकती. हेड (ड्रमचा पडदा) थरथरलं की तिच्यात वीज तयार होते आणि तिला जोडलेली इलेक्ट्रॉनिक पेटी, म्हणजे मॉड्यूल, त्या झटक्याच्या जोरावरून आपल्यात साठवलेला आवाज वाजवते. त्याला फक्त दोन गोष्टी कळतात: केव्हा मारलं आणि किती जोरात. कसं मारलं, हे कळत नाही. तबल्यावर चाटेवरचा ‘ना’ आणि मैदानावरचा ‘तिं’ यातला फरक अशा साध्या सेन्सरला समजणार नाही. म्हणून स्नेअरला (काठीने वाजवायच्या मुख्य ड्रमला) तो लावू नका. घोस्ट नोट्स (अगदी हलके ठोके), बझ रोल (काठीची थरथर), रिमशॉट (कडेसकट मारलेला ठोका) सगळं सपाट होतं.

किकची गोष्ट वेगळी. 200 च्या टेम्पोवर (मिनिटाला 200 मात्रा) सोळाव्याचे स्ट्रोक, म्हणजे मात्रेला चार ठोके, म्हणजे मिनिटाला 800 ठोके, दोन ठोक्यांत जेमतेम 75 मिलिसेकंद. मोठ्या किकचा घुमारा त्याच्या आत विरत नाही, पुढचा ठोका त्यावरच चढतो. त्यात माइकमध्ये बेस गिटारही शिरते. अशा ठिकाणी ट्रिगर ठोका न् ठोका मोकळा करतो. पण पाय डगमगत असेल तर तेही तितकंच स्वच्छ ऐकू येतं! माझा डावा पाय उशिरा पडतो हे मला ट्रिगर लावल्यावरच कळलं. आधी ते गुरगुरीत झाकलं जायचं.

आता माझी फजिती. एका कॉलेजच्या फेस्टला थ्रेशोल्ड (किती जोराच्या झटक्याला आवाज काढायचा ती मर्यादा) अगदी खाली ठेवला होता, हलका ठोकाही सुटू नये म्हणून. स्टेज लाकडी, शेजारीच बेसचा भलामोठा स्पीकर. बेसिस्टने ट्यूनिंगसाठी खालची तार छेडली आणि माझी किक आपोआप धडाधड वाजायला लागली. मी दोन्ही हात वर करून बसलोय आणि पब्लिक हसतंय. तेव्हा साउंडचेकला स्वतः न वाजवता बेस वाजवायला लावा आणि किक गप्प राहीपर्यंत थ्रेशोल्ड वर न्या. एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर मास्क टाइम (एका ठोक्यानंतर ट्रिगर बहिरा राहतो तो वेळ) वाढवा, पण 200 च्या वेगाला तो 80 मिलिसेकंदांवर नेलात तर दर दुसरा ठोका गायब. 30–40 पासून सुरुवात करा.

ठोका पडल्यापासून मॉड्यूलचा आवाज येईपर्यंत काही मिलिसेकंद उशीर होतोच, पण त्याचा धसका नको. हवेत आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे मॉनिटर थोडा मागे सरकवल्यासारखं.

गिटारवाल्याचं तोंड बंद करायचं तर एक मार्ग आहे: मॉड्यूलचा आवाज वापरायचाच नाही. ट्रिगरचा सिग्नल किकच्या माइकवरच्या गेटला (माइकचा आवाज दाराप्रमाणे उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सोयीला) द्यायचा. ठोका पडला की गेट उघडतो, लगेच मिटतो. आवाज शंभर टक्के तुमच्याच ड्रमचा. मात्र मिक्सरवर गेटला बाहेरचा सिग्नल देण्याची सोय हवी आणि साउंडवाल्याला ते करायची तयारी हवी. शो सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी सांगितलंत तर शिव्याच मिळतील.

खर्च टाळायचा असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) पिझोच्या चकत्या अगदी स्वस्तात मिळतात. ट्रिगर इनपुट असलेलं पॅड कुणाकडून मागून आणा. चकतीला जॅक सोल्डर करा, फोमचा तुकडा लावून ती हेडच्या कडेला चिकटवा आणि रिहर्सल रूममध्ये महिनाभर वाजवून बघा. सोल्डरचा जोड मात्र फार नाजूक असतो, दोन-तीन चकत्या जास्तीच्या घ्या.