१६ बाय ५०: खोल्या आखण्याआधी

जळगाव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला नव्या घराचा नकाशा नीट पाहिला. पुढे बैठक, तिच्यामागे बेडरूम, मग स्वयंपाकघर, शेवटी आणखी एक बेडरूम आणि कडेनं मागपर्यंत गेलेला तीन फुटांचा बोळ. एक इंचही वाया गेलेला नाही, असं तू कौतुकानं लिहिलंस. मला काळजी वाटली ती त्याचीच.

वाटणीत जुन्या घराचे उभे दोन भाग झाले आणि ३२ फूट रुंदीतले १६ फूट तुमच्या वाट्याला आले. उत्तरेला काका, दक्षिणेला शेजाऱ्यांची भिंत. म्हणजे ५० फूट खोल घराला उजेड घ्यायला पुढचं आणि मागचं अशी दोनच तोंडं उरली. खिडकीचा उजेड दहा-बारा फूट आत पोचतो, त्यापुढे भर दुपारी दिवा लावावा लागतो. तुझ्या नकाशातल्या मधल्या दोन्ही खोल्या त्या अंधारात आहेत, आणि त्यातली एक आईचं स्वयंपाकघर आहे. पुण्याच्या ज्या सोसायटीत तू राहतेस तिथे चारही बाजूंनी मोकळी हवा आहे, म्हणून हे तिथे बसून लक्षात येत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी आकाशाकडे उघडी राहणारी जागा, म्हणजे चौक, आख. ती पक्की झाली की खोल्या तिच्याभोवती बसव. अरुंद प्लॉटवर हा क्रम उलटा झाला की उजेडाच्या वाट्याला नुसता उरलासुरला कोपरा येतो.

मी इथे बसून जे आखलं ते सांगतो. दोन्ही बाजूंच्या नऊ इंची भिंती वजा केल्या की आत १४.५ फूट रुंदी मिळते. पुढे गल्लीकडे ५ फूट मोकळे सोड, तिथे ओटा आणि गाडी. मग १० फुटांची बैठक. बैठकीमागे १० फुटांचा आडवा पट्टा, जिना आणि चौक यांचा. त्यामागे साडेआठ फुटांचं स्वयंपाकघर, मग आई-आप्पांची साडेनऊ फुटांची खोली, आणि शेवटी ४ फुटांचं मागलं अंगण. झाले ४७. उरलेले तीन फूट भिंती खातात. तुम्हा भावंडांच्या खोल्या वरच्या मजल्यावर.

त्या मधल्या पट्ट्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं घर त्याच्यावर उभं आहे. तुझ्या नकाशात जिना भिंतीला धरून सरळ उभा चढवलाय. मजल्याची उंची १० फूट धरली आणि पायरीचा चढ ७ इंच ठेवला तर १७ चढ लागतात. १० इंची पायरी धरून सरळ जिन्याला साडेतेरा फूट लांबी जाते, आणि तेवढ्या लांबीत घराची रुंदी तीन-साडेतीन फुटांनी घटते. त्याऐवजी जिना आडवा घे, मध्ये वळणारा, उत्तरेच्या भिंतीशी लँडिंग, म्हणजे वळणावरचा सपाट टप्पा, असलेला. पायऱ्यांच्या दोन्ही ओळी शेजारी-शेजारी धरून त्याला साडेसहा फूट खोली आणि साधारण पावणेदहा फूट रुंदी पुरते. दक्षिणेकडे पावणेपाच फुटांची ये-जा उरते. आणि जिन्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या बाजूला, साडेतीन बाय पावणेदहाचा तुकडा मोकळा सापडतो. तोच तुझा चौक. स्वयंपाकघराची मोठी खिडकी त्यात उघडायची, बैठकीलाही जिन्याच्या उघड्या पायऱ्यांमधून उजेड येईल.

चौकावर गच्चीच्या पातळीला लोखंडी जाळी हवीच, चोराची आणि लहान पोरांची काळजी म्हणून. तिच्यावर दोन फूट उंच, उजेड अडवणार नाही असं छप्पर घे आणि त्या दोन फुटांच्या चारही बाजू झडपांच्या ठेव. पाऊस आत येणार नाही आणि तापलेली हवा वरून निघून जाईल. सरसकट काच बसवून चौक बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. मे महिन्यात त्या काचेखाली घर भाजून निघेल.

जिन्याखाली संडास काढा, असं गवंडी हमखास सांगेल. लँडिंगखाली पाच फूटसुद्धा उंची मिळत नाही, आप्पांना वाकून आत जावं लागेल. तिथे इन्व्हर्टर आणि धान्याच्या कोठ्या ठेव. संडास-बाथरूम आई-आप्पांच्या खोलीला लागून, मागल्या अंगणाकडे तोंड करून दे, चार बाय साडेसातची. दरवाजा अडीच फुटांचा तरी असू दे आणि उंबरठा ठेवू नको. आज दोघं धडधाकट आहेत, पण घर चाळीस वर्षांसाठी बांधायचं असतं.

आता उन्हाचं. आपण २१ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तुझ्या लांब भिंती उत्तर-दक्षिणेला आहेत आणि दोन्हींकडे दुसऱ्यांची घरं आहेत, म्हणून त्या फारशा तापणार नाहीत. अरुंद प्लॉटचं हे एक सुख आहे, ते ओळखून घे. घर तापणार ते वरच्या स्लॅबनं आणि पश्चिमेच्या दर्शनी भिंतीनं. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी तीनपासून मावळतीपर्यंत ऊन त्या भिंतीवर सरळ आडवं येतं. तिथे दोन फुटांचा छज्जा काही कामाचा नाही, आडव्या उन्हाला तो अडवू शकत नाही. ओट्यावर पूर्ण ५ फुटांचं छप्पर घे, वरच्या मजल्यावर पुढे तेवढीच गॅलरी दे आणि गॅलरीला अर्ध्या उंचीपर्यंत विटांची जाळी लाव. मोठ्या काचेच्या दर्शनी खिडक्या सोडून दे. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घे. जुन्या धाब्याच्या घरांच्या छतावर मातीचा जाड थर असायचा, खालची खोली थंड राहायची ती त्यामुळेच.

कूलरचा विचार मात्र तुझ्या नकाशात कुठेच नाही, आणि खानदेशात चार महिने घर त्याच्यावर चालतं. कूलरला बाहेरची कोरडी हवा ओढायला लागते, आणि आत आलेली हवा निघून जायला वाट लागते. वाट नसली की तासाभरात खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. बंद खोल्यांच्या रांगेत हे होणारच. चौक असला की ओट्यावरच्या कूलरची हवा आत येईल, बैठकीतून पुढे सरकेल आणि चौकातून वर जाईल. आई-आप्पांचा कूलर मागल्या अंगणात. दोन्ही ठिकाणी भिंतीत पक्की चौकट, बाजूला पाण्याचा नळ, प्लग आणि सांडपाण्याची मोरी आत्ताच दाखव. नंतर ग्रिल कापून, बादलीनं पाणी ओतत बसायची पाळी येते.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तुझ्या घरी किती माणसं झोपतात ते आईला विचार. आत्या येतील, त्यांच्या लेकी येतील, झोका बांधायला कडी लागेल. ती बैठकीच्या बीममध्ये सळई बांधतानाच अडकवायला सांग. रात्री निम्मी माणसं गच्चीवर झोपणार, म्हणून गच्चीपर्यंतचा जिना खालच्याच मापाचा राहू दे. लोखंडी शिडीवर भागवू नको. गच्चीवर एक नळ आणि एक दिवा. पापड, कुरडया, बिबडे वाळायचे तेही तिथेच, तेव्हा पाण्याची टाकी आणि सोलरच्या पाट्या जिन्याच्या टपावर चढव, मधला मोकळा चौरस अडवू नको.

मागलं अंगण चार फुटांचं का, असं विचारशील. खापरावर मांडे करताना आई जिथे बसते ती जागा डोळ्यांपुढे आण. चुलीवर पालथं खापर, बाजूला परात, हातांवर पसरत गेलेला मांडा खापरावर टाकायला दोन्ही कोपर मोकळे हवेत. भरताची वांगी काटक्यांवर भाजायची तर धूर वर जायला आभाळ हवं. स्वयंपाकघरातली चिमणी यातलं काहीच झेपवू शकत नाही. अंगणात चूल मांडायला उत्तरेचा कोपरा राख, तिथे दुपारनंतर घराची सावली असते.

पाण्याचा हौद पुढच्या ५ फुटांत, गाडीखाली. पाच माणसं, माणशी दिवसाला १०० लिटर, आणि नळ आठवड्यानं आला तरी निभलं पाहिजे, म्हणजे साधारण ४,००० लिटर. सहा बाय पाच बाय पाच फुटांचा हौद तेवढं धरतो. सेप्टिक टँक मागे. या दोघांना एका टोकाला आणायचं नाही, मग कंत्राटदार पाइप वाचवण्याची कितीही कारणं देवो.

पायाबद्दल इंजिनिअरला हे दोन प्रश्न नक्की विचार. पहिला, मुरूम किती खोल लागतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया टेकला तर दोन वर्षांत भिंतींना तडे. दुसरा, हद्दीवरच्या कॉलमचं काय. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, शेजाऱ्याच्या जागेत जाऊ शकत नाही, म्हणून ते एका बाजूला कलतं; समोरच्या भिंतीच्या कॉलमशी स्ट्रॅप बीमनं, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या तुळईनं, बांधून घ्यावं लागतं. आणि शेजाऱ्यांची जुनी भिंत मातीत बांधलेली असेल तर तिच्याकडेनं सगळा चर एकदम उघडा करू देऊ नको. एकाआड एक खड्डे घ्यायचे, एक भरला की पुढचा. पावसाळ्यात तर अजिबात नाही. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांचं घर आज ठेंगणं आहे म्हणून वरच्या मजल्यावर त्यांच्या बाजूला खिडकी काढायचा मोह होईल. काढू नकोस. उद्या ते वर बांधतील आणि तुझी खोली आंधळी होईल. जोतं रस्त्यापासून अडीच फूट उचल. गल्लीचं काँक्रिटीकरण दर वेळी रस्ता थोडा वर आणतंच.

वास्तूचा विषय आजी काढतील. देवघर ईशान्येला हवं म्हणाल्या तर ते आई-आप्पांच्या खोलीत सहज बसतं. चूल आग्नेयेला मागितली तर स्वयंपाकघरातही तो कोपरा आहे, फक्त मागच्या खोलीकडे जायची वाट उत्तरेच्या भिंतीनं न्यावी लागेल. वाद घालू नको.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती कागदावर सुटणारी नाही. चौक मी उत्तरेला, काकांच्या हद्दीला लागून आखलाय. काकाही पुढच्या वर्षी बांधायला काढणार म्हणतात. त्यांनीही आपला चौक त्याच रेषेत, तुमच्या हद्दीला लावून सोडला, तर साडेतीन फुटांची ती फट साधारण साडेएकोणीस फूट लांब होते, आणि दोन्ही घरांना आपापली जमीन न गमावता दुप्पट आकाश मिळतं. मध्ये सात फूट उंच भिंत, वर मोकळं. वरच्या खिडक्या समोरासमोर येऊ द्यायच्या नाहीत. पाणी ज्याचं त्यानं आपल्या बाजूला काढायचं, आणि पुढे कुणी तो भाग बांधून बंद करणार नाही हे स्टँपवर लिहून दोन्ही नकाशांत दाखवायचं. वाटणीनंतर दोन्ही घरांत बोलणं कमी झालंय, मला ठाऊक आहे. आप्पा स्वतःहून जाणार नाहीत. तू जा. काकांनी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय, तुझं ऐकून घेतील. नकाशा सोबत ने, पण आधी नुसतं बसून चहा घे.

गावी गेलीस की टेप घेऊन प्लॉटची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तिन्ही ठिकाणी मोज. जुन्या जागा क्वचितच काटकोनात असतात. मोजणीच्या नकाशाची प्रतही पाठव, आणि तुमचा भाग गावठाणात येतो की नंतरच्या लेआउटमध्ये ते नगरपालिकेत विचारून ये, पुढची-मागची किती जागा सोडायची हे त्यावर ठरेल. हे हाती आलं की मी पक्की मापं टाकून देतो.

तुझा,
आप्पांचा जुना मित्र