'शी सिंग्ज गुड' चूक, मग 'इट स्मेल्स गुड' बरोबर कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण खानापूर भागात मराठी माध्यमातून झालंय, आता मुलाखतीची तयारी चालू आहे. 'शी सिंग्ज गुड' लिहिलं की सर लाल रेघ मारतात आणि 'वेल' लिहा म्हणतात. म्हणून पुढच्या वाक्यात 'द फूड स्मेल्स वेल' लिहिलं, तर तिथेही लाल रेघ, तिथे म्हणे 'गुड'च हवं. आणि जाता जाता, 'फ्रेंडली'चं क्रियाविशेषण काय होतं?

सर दोन्ही वेळा बरोबर आहेत. मी बेळगावात, शहापूरच्या एका माडीवर बरीच वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या. दर वर्षी नवी पोरं यायची आणि दर वर्षी याच दोन वाक्यांवर अडायची. डोकं कमी म्हणून नव्हे, मराठी पक्की म्हणून.

मराठीत बघा. 'तो चांगला आहे' आणि 'तो चांगला गातो'. शब्द एकच. गाणारी बाई असेल तर 'ती चांगली गाते', गाण्याबद्दल बोलायचं तर 'तिनं गाणं चांगलं म्हटलं'. खरं तर इथे 'चांगला' गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतोय, पण विशेषणासारखा लिंग-वचनाप्रमाणे बदलतोय. क्रियाविशेषण म्हणजे अव्यय, ते बदलत नाही, असं शाळेत घोकून घेतात आणि हा पठ्ठ्या डोळ्यांदेखत बदलतो. व्याकरणाच्या पुस्तकांनी त्याला 'सविकारी क्रियाविशेषण' असं नाव देऊन वेळ मारून नेली आहे. आपल्याकडचा खरा न बदलणारा गडी म्हणजे 'लई'. लई चांगला, लई चांगली, लई पळाला, लई पळाली. त्याला कशाचं काही नाही.

त्यात शाळेत शिकवलेली युक्ती आणखी खड्ड्यात घालते. 'क्रियापदाला कसा असा प्रश्न विचारा, उत्तर येईल ते क्रियाविशेषण.' तो कसा गातो? चांगला. तो कसा आहे? चांगला. झालं! एकाच प्रश्नाला एकच उत्तर, आणि इंग्रजीत एकीकडे 'वेल' तर दुसरीकडे 'गुड'. ही युक्ती सोडून द्या.

माझ्या वर्गात बैलहोंगलकडची दोन-तीन कन्नड पोरं असायची. त्यांना मी फळ्यावर त्यांचीच भाषा देवनागरीत लिहून दाखवायचो. पुस्तकी कन्नडमध्ये 'ओळ्ळेय हुडुग' म्हणजे चांगला मुलगा, पण 'चेन्नागि हाडुत्ताने' म्हणजे चांगला गातो. दोन कामांना दोन वेगळे शब्द, अगदी 'गुड' आणि 'वेल'सारखे. शिवाय 'सुंदरवागि', 'निधानवागि' यांतला शेवटचा 'आगि' इंग्रजीतल्या 'स्लोली'च्या शेवटच्या 'ली'चंच काम करतो. पोरांचे डोळे चमकायचे. मग एखादा मागून म्हणायचा, 'सर, पण आमच्या घरी छलोच म्हणतात.' तेही खरंच. आपल्या भागातल्या बोलीत 'छलो हुडुग' आणि 'छलो माडिदि' दोन्ही चालतं. म्हणजे घरात कन्नड पोरंही आपल्याच नावेत.

आता चाचणी. क्रियापद काढा आणि त्या जागी 'इज' ठेवून बघा. वाक्य उभं राहिलं आणि अर्थाचा गाभा टिकला, तर पुढे विशेषण. आपल्या बेळगावची दुधाची मिठाई, कुंदा, घ्या. 'द कुंदा स्मेल्स गुड' याचं 'द कुंदा इज गुड' केलं तर फारसं बिघडत नाही. 'गुड' हा शब्द कुंद्याला चिकटलाय, वास घेण्याच्या क्रियेला नाही. कुंद्याला काही नाक नाही. 'शी सिंग्ज' काढून 'शी इज' ठेवलं तर गाणंच नाहीसं होतं, उरते नुसती बाई. म्हणून तिथे 'वेल'. लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, फील, सीम, बिकम ही मंडळी 'इज'च्या भावकीतली.

पण हीच क्रियापदं कधी कधी भावकी सोडून कामाला लागतात, आणि खरी गंमत तिथे आहे. हलवायाच्या कढईपाशी उभे आहात असं समजा. दूध आटून आटून तांबूस झालंय, तो उलथन्याच्या टोकावरचा कण जिभेवर ठेवतो आणि डोळे मिटून जरा थांबतो. 'ही टेस्टेड द कुंदा केअरफुली.' इथे हलवाई चव घेतोय, ती घेण्याची क्रिया काळजीपूर्वक चाललीय, म्हणून 'ली'. आणि 'द कुंदा टेस्टेड स्वीट' म्हणताना कुंदा काहीच करत नाही, तो फक्त गोड आहे. तसंच 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे चेहरा रागीट दिसत होता. 'ही लुक्ड अँग्रिली ॲट द कंडक्टर' म्हणजे सुट्टे पैसे परत न मिळाल्यावर डोळे वटारून बघितलं.

मांडे करताना घरात दोन हुकूम सुटतात: 'पातळ कर' आणि 'भरभर कर'. इंग्रजीत पहिला 'मेक इट थिन', दुसरा 'मेक इट क्विकली'. पातळ व्हायचाय मांडा, भरभर चालायचेत हात. 'थिनली' म्हटलं तर कुणी फाशी देणार नाही, पण बोट कुठे दाखवताय ते कळलं पाहिजे.

आता माझी फजिती सांगतो, कारण मुलाखतीत तुमचीही होऊ शकते. पदवीनंतर उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अर्ज दिला. विशेषणाला 'ली' लावलं की क्रियाविशेषण, एवढंच ठाऊक. मी ऐटीत लिहिलं, 'आय वर्क हार्डली.' समोरच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाक्य दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाले, 'असे आमच्याकडे आधीच भरपूर आहेत.' मला विनोद कळला तो घरी जाऊन डिक्शनरी उघडल्यावर. 'हार्ड' हाच शब्द विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'निअर' म्हणजे जवळ, 'निअरली' म्हणजे जवळजवळ. 'फास्ट'ला तर 'ली' लागतच नाही, 'फास्टली' असा शब्द कुठे लिहू नका.

हे असं का? जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी 'ए' जोडून क्रियाविशेषण करायचे. पुढे तो 'ए' उच्चारातून गळून गेला आणि दोन्ही रूपं सारखी दिसायला लागली. 'हार्ड', 'फास्ट' ही त्या काळची शिल्लक. अठराव्या शतकात व्याकरणकारांनी असल्या बिनशेपटीच्या शब्दांविरुद्ध मोहीमच उघडली. रॉबर्ट लाउथ या पाद्र्यानं 1762 साली छापलेल्या व्याकरणात विशेषणाचा असा वापर अयोग्य ठरवला. तरीही काही शब्द वाचलेच. आपल्या रस्त्यांवर पाटी दिसते ना, वर कन्नडमध्ये 'निधानवागि चलिसि' आणि खाली इंग्रजीत 'गो स्लो'? कन्नडनं आपली 'आगि' इमानानं लावलीय, इंग्रजीनं 'ली' सोडून दिलीय. तरी 'गो स्लो' चूक नाही. पण मुलाखतीत 'आय स्पीक स्लो' म्हणण्यापेक्षा 'स्लोली' म्हणा, उगाच वाद नको.

'वेल'चा एक खोडकरपणा राहिला. तब्येतीबद्दल बोलताना तोच शब्द विशेषण होतो. 'आय ॲम वेल' म्हणजे मी ठणठणीत आहे. 'हाऊ आर यू' ला 'आय ॲम गुड' म्हटलं तरी हल्ली कुणी भुवया उंचावत नाही. वाईट वाटलं तर 'आय फील बॅड' म्हणा. 'बॅडली'ही कानावर येतं, पण परीक्षेत नको.

आता 'फ्रेंडली'. शेवटी 'ली' दिसलं म्हणून फसू नका, ते विशेषणच आहे. जुन्या इंग्रजीत 'लिक' म्हणजे देह, आकार. त्यातूनच हे 'ली' आलं, आणि 'सारखा' या अर्थाचा 'लाइक'ही त्याच कुळातला. मित्रासारखा तो 'फ्रेंडली'. 'लव्हली', 'लोनली', 'कॉस्टली', 'एल्डरली' ही सगळी विशेषणंच. 'ही स्पोक फ्रेंडली' हे बरोबर नाही. डिक्शनरीत 'फ्रेंडलिली' असाही शब्द सापडतो, पण तो उच्चारताना जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही तोतरे आहात. सरळ म्हणा, 'ही स्पोक इन अ फ्रेंडली वे'.