लिलाव झाल्यावरही ‘बाकी’ मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचं

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. ऑफिसच्या बोर्ड नंबरवर फोन करून “वडिलांचे चौदा लाख कधी भरताय” असं विचारणाऱ्याला तुला कायदा समजावून सांगायचा नसतो. चारचौघांत ओशाळलीस की घाईघाईने काहीतरी कबूल करशील, एवढाच त्याचा हिशेब. वसुली विभागात नोकरी केलेली बाई मी, ही मंडळी कुठे दाबतात ते मला माहीत आहे. म्हणून पहिल्यांदा हे ऐक: कागद हातात येईपर्यंत एक रुपया द्यायचा नाही आणि एकही सही करायची नाही. “टोकन म्हणून दोन हजार टाका, फाईल वर जाऊ देत नाही” असं म्हणाला तर त्याला तर मुळीच भुलू नकोस.

आता हे प्रकरण नेमकं काय आहे ते बघू. बदलापूरचा फ्लॅट बँकेने जून 2017 मध्ये लिलावात विकला. घर गेलं म्हणजे कर्जही गेलं, असं बाबा आजवर धरून चालले. तसं नसतं गं. लिलावात कमी पैसे आले तर उरलेली बाकी कर्जदाराच्या नावावर राहतेच. मात्र गहाण घर ताब्यात घेऊन विकताना बँकेला कोर्टात दावा लावावा लागत नाही, तशी सूट या बाकीसाठी नाही. बँकेला ही सूट देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याच्याच कलम 13(10) प्रमाणे ती वसूल करायची तर डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) किंवा दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. येणं 20 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर डीआरटी, कमी असेल तर दिवाणी न्यायालय. त्यामुळे “वॉरंट निघालंय”, “पोलीस पाठवतो” हे सगळं ऐकून सोडून दे. कर्ज थकलं म्हणून कुणी अटक करत नाही.

असा दावा कुणी खरंच केला आहे का, हे तुला घरबसल्या पाहता येईल. डीआरटीच्या आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. बाबांचं नाव कर्जाच्या कागदावर जसं आहे तसं टाक, मग आडनाव आधी टाकून पुन्हा बघ. 2017 पासूनचं प्रत्येक वर्ष तपास. दावा होऊन निकाल लागलेला निघाला, तर या पत्रातलं पुढचं बरंचसं बाजूला ठेव आणि थेट वकिलाकडे जा.

दावाच झालेला नसेल, तर मुद्दा तारखांचा. पैशाच्या वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. गहाण मालमत्तेतून वसुली करायची तर बारा वर्षं मिळतात, आणि हा आकडा तो माणूस तुझ्या तोंडावर फेकेल. पण इथे गहाण फ्लॅट विकून झाला, मागे उरली ती साधी पैशाची बाकी. तीन वर्षं नेमकी कुठल्या तारखेपासून मोजायची यावर वकील वाद घालतात. पैसे मागणाऱ्यांच्या सोयीने लिलावाची तारीख धरली तरी बघ काय होतं. करोनामुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला. जून 2017 पासून मोजलं तर त्या मार्चमध्ये तीनेक महिने शिल्लक होते. ते 1 मार्च 2022 पासून पुढे मोजायचे. म्हणजे 2022 चा पावसाळा लागेपर्यंत मुदत संपली. “आम्ही फाईल गेल्या वर्षी घेतली” असं तो सांगत असेल, पण बँकेने कर्ज एआरसीला, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलं म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही. बँकेला जेवढा हक्क होता तेवढाच घेणाऱ्याला मिळतो.

यात एकच खाच आहे, आणि ती बाबांना शांतपणे विचारावी लागेल. मुदत चालू असताना त्यांनी बाकी मान्य करणाऱ्या कागदावर सही केली होती का? स्वतःच्या सहीचा चेक देऊन थोडेफार पैसे भरले होते का? तसं झालं असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं पुन्हा मोजली जातात. मुदत संपल्यावर नुसते दोन हजार भरल्याने ती जिवंत होत नाही. पण “मी ही रक्कम फेडीन” असं लिहून सही केली, तर करार कायद्याच्या कलम 25(3) खाली तो नवा करारच होतो. त्या माणसाला तुमच्याकडून हाच कागद हवा आहे. पैसे आले तर बोनस. आणि चेक तर अजिबात द्यायचा नाही. तो वटला नाही की चेकच्या कायद्याचं कलम 138 लागतं, मग आजवर निव्वळ दिवाणी असलेलं प्रकरण फौजदारी होतं.

तुझं स्वतःचं बघ. मूळ कर्ज करारात सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुझी सही आहे का? तेव्हा तू कॉलेजात होतीस, त्यामुळे नसावी, पण खात्री कर. आईची सही असण्याची शक्यता जास्त. सही नसेल तर तुझ्या पगाराशी याचा काडीचा संबंध नाही. उद्या बाबांच्या मागेसुद्धा, वारसा म्हणून जे तुझ्या हाती येईल तेवढ्यापुरतंच कुणी मागू शकतं. तुझ्या ऑफिसात फोन करणं तर त्यांना चालतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात कर्जदाराच्या नातेवाइकांच्या खासगीपणात घुसायला स्पष्ट मनाई आहे, आणि कर्जदारालासुद्धा सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. पुढचा फोन रेकॉर्ड कर. नाव, एजन्सी आणि अधिकारपत्राचा क्रमांक विचार. एवढ्यानेच अर्धे लोक फोन ठेवतात.

मग पत्र. बाबांच्या नावाने, त्यांच्या सहीने, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. एक प्रत एआरसीला, एक मूळ बँकेला. मजकूर असा ठेव:

“आपण म्हणता ते येणे मला मान्य नाही. हे पत्र म्हणजे कर्जाची कबुली समजू नये. माझे सर्व हक्क राखून खालील कागदपत्रांची मागणी करत आहे.”

त्याखाली मागण्या लिही: कर्ज खात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा, लिलावाआधीचं मूल्यांकन, राखीव किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची रक्कम, ती कोणत्या तारखेला खात्यात जमा झाली, लिलावानंतर लावलेल्या व्याजाचा हिशेब, आणि बँकेने कर्ज एआरसीला दिल्याचा दस्त. चौदा लाखांचा आकडा कसा झाला ते या उताऱ्यातच दिसेल. “मुदत द्या”, “परिस्थिती हलाखीची आहे”, “जमेल तसं भरू” असलं एकही वाक्य घालू नकोस. बाबा घालायला बघतील. त्यांच्या पिढीला पत्रात नम्रता लागते, आणि अशा पत्रात तीच महागात पडते.

एखाद्या दिवशी लोकअदालतीची नोटीस येईल. कोर्टाच्या समन्ससारखी दिसते, शिक्का असतो, घरात धावपळ उडते. दावा दाखल होण्याआधीची ही नोटीस म्हणजे तडजोडीचं आमंत्रण असतं. तिथे तडजोड करायची सक्ती नाही. पण एकदा सही केली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा लागू होतो आणि त्यावर अपील नाही. गेलात तरी त्या दिवशी तिथे काही सही करू नका. खरं समन्स आलं तर मात्र दुर्लक्ष करायचं नाही. मुदतीचा मुद्दा कोर्टात हजर राहून मांडायचा असतो.

बाबा म्हणतील, घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे, कायद्याच्या आड लपायचं नाही. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. माझं मत विचारशील तर त्यांनी घर दिलंय, बँकेने ते स्वतः ठरवलेल्या भावाला विकलंय, आणि उरलेलं मागायला कायद्याने दिलेली वर्षं बँकेने बसून घालवलीत. तरीही मन मोकळं करायला काही द्यायचंच ठरवलं, तर आधी ओटीएसचं (एकरकमी तडजोडीचं) पत्र: एकरकमी रक्कम, ती भरल्यावर खातं पूर्ण बंद, कुणाचंही काही येणं नाही, नो ड्यूजचा दाखला अमुक दिवसांत. एआरसीच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीने. पैसे त्यानंतर, आणि एजंटच्या यूपीआयवर नव्हे, पत्रात दिलेल्या कंपनीच्या खात्यावर. सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडेल. बाबांना आता नवं कर्ज काढायचं नाही, तेव्हा त्याची फिकीर नको.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. तुला होणाऱ्या त्रासाबद्दल तू स्वतः अर्ज करू शकतेस. खातं अजून बँकेकडेच निघालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पैसे लागत नाहीत.

पत्र पाठवण्याआधी मसुदा मला व्हॉट्सअ‍ॅप कर. आणि कर्ज घेताना बाबांनी बँकेला कोरे चेक दिले होते का, किती दिले होते, तेही विचारून ठेव.

तुझी मावशी