आल्प्समध्ये तलावाकाठी आठवडाभर राहण्यासाठी घर भाड्याने घ्यायचे असल्यास कोणते गाव निवडावे?

चार-पाच जणांचे कुटुंब असेल तर स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्झ हे गाव मी निःसंकोच सुचवेन. इंटरलाकेनहून रेल्वेने साधारण वीस मिनिटांवर असलेले हे गाव ब्रिएन्झ तलावाच्या उत्तर काठावर, दक्षिणेकडे तोंड करून वसलेले असल्यामुळे येथील लाकडी घरांच्या सज्जांत चांगले ऊन येते. समोरच्या काठावरचे इझेल्टवाल्ड अतिशय देखणे आहे, परंतु तेथे रेल्वे नाही आणि डोंगराच्या सावलीमुळे थंडीच्या दिवसांत ऊन फारच कमी मिळते. १८९२ मध्ये सुरू झालेली, रोटहॉर्न डोंगरावर जाणारी वाफेची गाडी ब्रिएन्झमधूनच सुटते, मात्र ती केवळ उन्हाळी हंगामात चालते, हे तारखा ठरवताना ध्यानात घ्यावे.

जाहिरातीतील दर पाहून लगेच होकार देऊ नये. शेवटच्या साफसफाईचे शुल्क आणि माणशी, दर रात्रीचा पर्यटन कर बहुधा वेगळा आकारला जातो, आणि हंगामात पुष्कळ घरे शनिवार ते शनिवार अशीच दिली जातात. रविवारी गावातील बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे दूध, पाव, भाजी शनिवारीच भरून ठेवावी. डाळ-तांदळाचा कुकर मात्र घरूनच न्यावा, कारण तेथील स्वयंपाकघरात तो सहसा नसतो.