रात्री गेलं तर कॅज्युअल्टीत नंबर लवकर लागतो का?

तुम्ही विचारलंय की मुंबईतल्या केईएम किंवा सायन हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या उपचारांच्या विभागात) रात्री गर्दी कमी असते का आणि नंबर लवकर लागतो का. मुळात तिथे नंबर आल्या क्रमाने लागतच नाही. आधी नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन बघतात. ज्याच्या जिवाला धोका, तो आत. पाय मुरगळलेला माणूस पहाटे तीनला एकटाच बसलेला असला, तरी लोकलखाली आलेला पेशंट आला की त्याला थांबावंच लागतं.

गर्दी ओपीडीच्या घड्याळावर चालते. केसपेपरची खिडकी सकाळची. मग ताप-खोकल्याचे लोक संध्याकाळी कामावरून सुटले की थेट कॅज्युअल्टीत येतात. त्यांना दोष देणं मला पटत नाही. रोज बुडवून सकाळची रांग कशी लावायची? पालिकेचे ‘आपला दवाखाना’ 2022 पासून सुरू झालेत, बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचीही वेळ असते. साधा ताप, ड्रेसिंग यासाठी आधी तिथे जा.

पावसाळ्यात मात्र हिशोब बदलतो. पाणी तुंबतं त्या दिवशी पडलेले आणि शॉक लागलेले येतात. लेप्टोचे (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराचे) पेशंट साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी. म्हणून ताप आला तर ‘दहा दिवसांपूर्वी हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चाललो, पायाला चीर होती’ हे आपणहून सांगा. पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं ही त्याची लक्षणं. अशा पाण्यातून चाललात तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना लेप्टो टाळण्यासाठीच्या डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिक गोळीबद्दल विचारा.

डेंग्यूत घात होतो तो ताप उतरल्यावर. पुढच्या 24 ते 48 तासांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, बीपी घसरतं, आणि घरचे प्लेटलेटचा आकडा बघत बसतात. पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडलेत, तर आकडा कितीही असो, लगेच न्या.

हार्ट अटॅक सकाळच्या वेळी जास्त येतात आणि अ‍ॅसिडिटी समजून तास-दोन तास घरीच वाया जातात. दारातच मोठ्याने सांगा: ‘छातीवर दाब आहे, घाम फुटलाय, सहापासून.’ ईसीजी 10 मिनिटांत व्हायला हवा. लकव्यात माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ सांगा. झोपेतून उठल्यावर कळलं असेल तर झोपतानाची. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत देतात. चालू गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत न्या, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती नक्कीच.