घराण्यात कोणालाच कॅन्सर नाही. पुढेही होऊ नये म्हणून रोजच्या आहारात काय घ्यावं?

तुमच्या प्रश्नात हळदीचं दूध आहे, ग्रीन टी आहे, गोमूत्र आहे, तांब्याच्या भांड्यातलं पाणी आहे. तंबाखूचं नाव कुठेच नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "आमच्याकडे कोणालाच नाही, त्यामुळे तपासणी वगैरेची गरज वाटत नाही." या एका ओळीमुळे मी लिहायला बसले. सोलापूर जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. ही ओळ मी उंबऱ्याउंबऱ्यावर ऐकली आहे, आणि स्वतःच्या घरातही.

आहाराचं आधी संपवते. कॅन्सर अडवणारा असा एकही पदार्थ नाही. हळद भाजीत घालता तेवढी घालत राहा, पण ती दुधातून प्यायल्याने माणसाचा कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही. गोमूत्राचंही तेच. भाकरी, डाळ, पालेभाजी, फळं खावीत, वजन वाढू देऊ नये, चालावं. याचा उपयोग नक्की होतो. पाळी गेल्यानंतर होणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचा वाढलेल्या वजनाशी संबंध आहे. दारूचं निर्धोक असं प्रमाण नाही, आठवड्यातून एकदावाल्यांसाठीही नाही. आहाराबद्दल माझ्याकडे एवढंच आहे.

तंबाखूवर मात्र बोलायलाच हवं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण टपरीवर पान मसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी शेजारीशेजारी लटकत असतात आणि एकाच तोंडात जातात. नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे कितीतरी शिकलेल्या माणसांना पटत नाही. बायकांच्या मशेरीला तर कोणी तंबाखूत धरतच नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठतो, लहान पोरं खोकत बाहेर पळतात, मग ती चुरून डबीत भरायची. सुरुवात दात घासायला म्हणून होते. मग जेवल्यावर एकदा, खुरपायला बसण्याआधी एकदा, झोपताना एकदा. बोट हिरड्यांवरून फिरल्याशिवाय डोकं चालत नाही म्हणतात. तुमच्या घरात आजी, आई, मावशी कोणी लावत असेल तर ग्रीन टीचा खर्च वाचवा आणि आधी त्यांचं तोंड उजेडात उघडून बघा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, उभी तीन बोटं तोंडात न जाणं, यातलं काहीही दिसलं की दाखवायचं. केरळात तिरुवनंतपुरमला नुसतं तोंड तपासण्याचा मोठा अभ्यास झाला. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. तिथे तपासायला डोळे आणि बॅटरी एवढंच लागलं होतं.

आता "घराण्यात नाही" याकडे येते.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर घराणं बघून येत नाही. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, आणि हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. संसार करणाऱ्या बहुतेक बायकांना तो कधी ना कधी होऊन जातो, यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. बहुतेकींच्या अंगातून तो वर्षा-दोन वर्षांत निघूनही जातो. ज्यांच्या अंगात मुक्काम करतो त्यांच्या पेशी हळूहळू बदलू शकतात, आणि कॅन्सर व्हायला दहा, पंधरा, वीस वर्षं जातात. एवढा काळ मधे मोकळा मिळतो. त्या काळात बाईला काहीही होत नाही. दुखत नाही, रक्त जात नाही, ती डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालते.

माझी धाकटी जाऊ अशीच होती. आमच्या उपकेंद्रात तपासणीचं शिबिर होतं. मी गावातल्या बायकांना सांगत फिरत होते, मग घरच्या बाईला कशी सोडू? भावजी ओट्यावरच म्हणाले, "वहिनी, धडधाकट बाईला दवाखाना कशाला दावायचा? आपल्या घराण्यात हाय का कुणाला?" मी समजावू लागले तर पुढे म्हणाले, "तुमचा आकडा भरायचा म्हणून घरच्या बायका न्यायच्या का?" हे मला फार लागलं. आकडे भरावे लागतात हे खरं आहे, पण जावेला मी आकडा म्हणून बोलावलं नव्हतं.

जाऊ शिबिराला आली, पण माझ्याबरोबर नाही. आशाताईंबरोबर, रेशन आणायला जाते असं सांगून, हातात पिशवी घेऊन.

तपासणीत काय करतात ते सांगते, कारण त्याचीच बायकांना भीती असते. टेबलावर झोपवतात, आतलं दिसावं म्हणून एक साधन लावतात, आणि व्हिनेगरमध्ये असतं तेच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड पातळ करून कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या तोंडाला लावतात. मिनिटभर थांबायचं. गुलाबी त्वचा गुलाबीच राहिली तर घरी जायचं. बदललेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. जावेला उठला, कडेला, चुना लागल्यासारखा दाट. ती टेबलावरून उतरली आणि पदर नीट करत मला म्हणाली, "आक्का, मरायचं न्हाई ना मी?" मी म्हटलं, "मरायचं नाही म्हणूनच तुला बोलावलं."

पुढे सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी पुन्हा नीट तपासलं आणि क्रायो केलं. म्हणजे गॅसने थंड केलेली सळी लावून तेवढा भाग गोठवला. तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं सोडायचं, परत तीन मिनिटं. कापणं नाही, टाके नाहीत, भरती नाही. त्यानंतर काही आठवडे अंगावरून पाणी जातं, हे ठरलेलंच असतं, आणि महिनाभर नवऱ्याने लांब राहायचं असतं. भावजींचं सगळं बिनसलं ते इथे. दिवाळीला पाहुण्यांच्या पंगतीत त्यांनी मला सुनावलं, "चांगली बाई नेली आणि बिघडवून आणली."

जाऊ आजही ठणठणीत आहे. आणि भावजी तेच पुरावा म्हणून सांगतात, "बघा, झालं का काय हिला? म्हंजी काय नव्हतंच."

वेळेत केलेल्या कामाचं हेच दुखणं आहे. उशिरा सापडलेला कॅन्सर साऱ्या गावाला दिसतो. केस जातात, जमीन विकली जाते, मुंबईच्या वाऱ्या होतात. वेळेत काढलेला डाग कोणाला दाखवता येत नाही. मला भावजींना तेव्हा आकडे सांगता आले नाहीत, इथे सांगते. आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. २००९ साली तो छापून आला. ज्या गटाची एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा झाली आणि दोष सापडलेल्यांवर उपचार झाले, त्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. मुंबईच्या वस्त्यांत टाटाने दहावी शिकलेल्या बायकांना व्हिनेगरची तपासणी शिकवली आणि दर दोन वर्षांनी करून घेतली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी उतरले. ज्या बायका वाचल्या, त्यांच्याही घरी कोणीतरी "काय नव्हतंच" म्हणत असणार.

नुसतं समजावून सांगून काय होतं असंही लोक विचारतात. बार्शीला १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी चालते, खेड्यांसाठी देशातली पहिली. नोंदीला जाणारी माणसं गावोगाव बसून लक्षणं समजावत, अंगावर काढू नका म्हणत. काही वर्षांतच त्या भागातल्या बायका आजार आधीच्या टप्प्यात असताना दाखवायला येऊ लागल्या. यंत्र आलं नव्हतं, फक्त कोणीतरी ओट्यावर बसून बोललं होतं. आणि तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात कधी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या बायका देशात दोन टक्केही नव्हत्या.

काही गोष्टी राहिल्या. प्रत्येक पांढऱ्या डागाचा कॅन्सर होतोच असं नाही, पुष्कळ डाग आपोआप जातात. जावेचा गेला असता की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, तेवढ्यापुरतं भावजींचं म्हणणं खोडता येत नाही. धाराशिवच्या त्याच अभ्यासात व्हिनेगरची तपासणी झालेला दुसरा गट होता, त्या गटात मृत्यूंचा स्पष्ट फरक दिसला नव्हता, म्हणून एचपीव्हीची तपासणी मिळत असेल तर तीच घ्या. पाळी गेलेल्या बायकांत व्हिनेगरची तपासणी नीट होत नाही. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर शिबिराची वाट बघू नका, थेट डॉक्टर गाठा. मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल तर एचपीव्हीची लस द्या, पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅकही मिळते. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही.

तुमचं वय तिशीच्या पुढे असेल तर गावातल्या आरोग्य मंदिरात, म्हणजे जुन्या उपकेंद्रात, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तिन्हींची तपासणी फुकट आहे. पुरुषांनी तोंड दाखवायला जावं. तंबाखू सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट लागतो. बायकांनी त्या महिन्याच्या पाळीचे दिवस संपल्यावर जावं, सोबत कोणी येत नसेल तर आशाताईंना सांगावं. भावजींनी मला आणखी एक विचारलं होतं, "मला न विचारता नेलीच कशी?" सज्ञान बाईच्या तपासणीला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही.